किचन इथेच राहणार का

शुक्रवार, ३ एप्रिल. कार्फ्रायटाग, म्हणजे इथला गुड फ्रायडे.

नाही, तू गप्प बस. कोरं पान आहेस म्हणून शहाणं आहेस असं काही नाही. गेले दोन महिने तुझ्याकडे फिरकले नाही, म्हणून असं पांढरं तोंड करून बघू नकोस माझ्याकडे. मी कादंबरी लिहीत नव्हते. काहीच लिहीत नव्हते. भांडत होते.

प्रणव सकाळी गेला. इटलीतल्या गार्डा लेकला, सोबत मित्र, सुमित नि मयुरेश, आणि सायकली. चार दिवस. जाताना म्हणाला, "तू शांतपणे विचार कर. मंगळवारी बोलू." जणू मी निबंध लिहून ठेवणार आहे आणि तो आल्यावर तपासणार आहे.

विषय तुला माहीत नाही, म्हणून सांगते. त्याच्या कंपनीचं इथलं, इंगोलश्टाटमधलं डिपार्टमेंट बंद होतंय. त्याला चीनला पाठवतायत, चांगचुनला, तीन वर्षं. "अजून हो म्हटलेलं नाही," असं म्हणतो. मला मात्र सप्टेंबरपासून भाषेच्या संस्थेत पूर्णवेळ नोकरी मिळालीय. तीन वर्षं फोल्क्सहोखशूलेमध्ये, म्हणजे इथल्या प्रौढांच्या शाळेत, संध्याकाळचे इंग्लिशचे वर्ग घेतले, म्हाताऱ्यांचे, नाइट शिफ्ट संपवून आलेल्यांचे, तेव्हा कुठे ही नोकरी. त्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली की व्हिसासुद्धा माझा स्वतःचा. "प्रणवची बायको" म्हणून नाही. सही मंगळवारपर्यंत द्यायचीय.

आणि तो काय म्हणाला माहितेय? "अगं, चीनमध्ये तर इंग्लिश टीचरला जाम डिमांड आहे." फोनवर बाबाही तेच म्हणाले. माझा स्वतःचा भाऊसुद्धा. चीनमध्ये इंग्लिश टीचर. सगळ्यांना इतका आनंद झालाय की बस.

सासूबाई आतल्या खोलीत झोपल्यात. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्यात. दुपारी विचारत होत्या, "आज चर्चची घंटा नाही वाजली गं?" म्हटलं, आज इथे घंटासुद्धा सुट्टीवर असतात. शनिवारी रात्री वाजतात परत. त्या म्हणाल्या, "बरंय. देवालाही आराम."

दुकानं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरच्या बाल्कनीत एक माणूस अर्धा तास नुसता उभा होता. मीही.

शनिवार, ४ एप्रिल.

आज क्रियापद वापरायचं नाही असं ठरवलंय. बघू.

बेल. मालक. मागे एक जोडपं. तिच्या हातात मोजपट्टी. माझ्या हाताला बेसन. माझं तोंड उघडं. ओटा, बेडरूम, बाल्कनी. मोजपट्टी परत ओट्यावर.

नाही जमत. सरळ सांगते.

अकराच्या सुमारास बेल वाजली. मालक, मिटरर, खालीच राहतात. सोबत तिशीतलं एक जोडपं. मिटरर म्हणाले, सॉरी, सुट्टीच्या दिवशी आलो, पण ही मंडळी रेगेन्सबुर्गहून आलीयत, घर बघून लगेच निघतील. मी म्हटलं, कुठलं घर?

 ते हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले की तुमच्या मिस्टरांनी नोटीस दिलीय ना. मार्च संपायच्या आत पत्र टाकलं त्यांनी. जूनअखेर घर रिकामं. तेच म्हणाले होते, शनिवारी या, बायको घरी असते.

बायको घरी असते.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "याऽ, नातुर्लिश." हो, अर्थातच. हात धुतले आणि घर दाखवलं. वर्गात एखाद्याने मला चूक दाखवली की मी जशी हसते ना, तशी हसत. सकाळी इथे ऊन येतं. हीटर चांगला आहे. तळघरात सायकली ठेवता येतात. त्या बाईने ओटा मोजला, फ्रीजची जागा मोजली, म्हणाली, किचन इथेच राहणार ना? तुमचे मिस्टर म्हणाले की ते आम्हाला विकतील.

ते किचन आम्ही विकत घेतलं होतं, आधीच्या भाडेकरूकडून. इथे लोक जाताना किचनही उचलून नेतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आधी बघितलेल्या एका घरात रिकाम्या भिंतींत नळ लोंबकळलेला बघून मी रडले होते, म्हणून प्रणवने हे घर घेतलं. किचनवालं. करार त्याच्या एकट्याच्या नावावर, कारण मी तेव्हा नुकती आलेली, पगार नाही. म्हणून आता नोटीसही एकट्याच्या सहीने.

मग तिने मसाल्याचा ड्रॉवर उघडला. मागे सरकली. मालकांना विचारलं, "हा वास जातो ना?"

मिटरर लाल झाले. "रंग देणार आहोत."

मंगळवारपर्यंत कळवतो म्हणाले आणि गेले. सासूबाई आतून आल्या. "कोण होती गं ही माणसं? चहा पण नाही विचारलास?"

प्रणवला फोन केला. लागला नाही. मेसेज: "रेंज नाहीये इथे, आईला सांग मस्त ऊन आहे."

अजून हो म्हटलेलं नाही!

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर.

सकाळपासून घंटा. थांबतच नाहीत.

चीनच्या जाहिराती बघितल्या. पाच बघितल्या आणि बंद केल्या. पाचही ठिकाणी तेच. अमुक देशांचाच पासपोर्ट हवा. आपला त्यात नाही. माझं एम.ए. इंग्लिश, माझे तीन वर्षांचे वर्ग, काही नाही. इंग्लिश नाही बघत, पासपोर्ट बघतात. हे शोधायला मला चहा गार व्हायच्या आत जमलं. एकानेही शोधलं नाही. प्रणवने नाही, बाबांनी नाही. कारण मी चीनमध्ये काय करणार हा कुणाचा प्रश्नच नव्हता. ती फक्त मला गप्प करायची गोळी होती.

दुपारी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर केली नाही. तेव्हाच कळलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पुण्याहून निघायच्या आधीपासून." मग काड्या एका बाजूला सारत, "तो म्हणाला, आई, तू असलीस की ती शांत राहील. तिकीटही त्यानेच काढलं. आधी नुसतं ये म्हणाला, तेव्हा मला आपलं वाटलं, काही गोड बातमी असेल. डिंकाचे लाडू करून ठेवले, मग त्याने खरं काय ते सांगितलं. लाडू घेऊनच आले मी."

आठवडाभर ते लाडू मी खातेय. पाठ दुखते म्हणून.

"मग सांगायचं नाही का मला?"

"मी काय सांगणार गं. ह्यांनी तर मला एकदा ट्रक दारात आल्यावर सांगितलं होतं. जेवणं चालली होती. म्हणे, नांदेडला बदली झालीय, आवरा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ताटं धुतली नि बांधली."

हे त्या अशा म्हणाल्या, जसं काही पाऊस आला नि छत्री उघडली. मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्यांनी ती मेथी परत परत निवडली, निवडून झालेलीच.

मैत्रिणीला, ऊर्मिलाला फोन केला, रडायला. ती इथेच कारच्या सीट्स बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि राहते तासभर लांब, उंटरश्लाइसहाइमला एका खोलीत, कारण इथे घर मिळत नाही. रोज ट्रेन. मी सगळं सांगितलं, हुंदके देत.  ती म्हणाली, "किती स्क्वेअर मीटर आहे गं?"

जर्मनीत सात वर्षं काढली की माणूस असा होतो. मी फोन आपटला.

खरं सांगू? जीव घुसमटतोय. बाल्कनीत गेले तर घंटा, आत आले तर तो ओटा. ती बाई तिथे काय ठेवणार ते मला दिसतं. कॉफी मशीन. इथे. टोस्टर तिथे. मी कुठेच नाही. माझ्या डोक्यात माझ्या घरात मी कुठेच नाही. दोनदा बॅग काढली, दोनदा परत ठेवली. जाणार कुठे? पुण्याला? "काय गं, भांडून आलीस?" त्यापेक्षा चांगचुन बरं. त्यापेक्षा काहीही बरं. बघ, हे असं होतं. असंच लोक हो म्हणतात.

सोमवार, ६ एप्रिल. ईस्टर मंडे.

आला. नाक सोललेलं, पिशवीभर लिंबं. इटालियन लिंबं म्हणे. आईला मिठी, मला मिठी.

मी म्हटलं, शनिवारी लोक आले होते. घर मोजून गेले.

तो पिशवी हातात धरूनच उभा राहिला. मला वाटलं आता खोटं बोलेल. नाही बोलला. त्याने आणखी वाईट केलं, समजावून सांगितलं. आल्झो, म्हणजे, असं बघ. नोटीस तीन महिन्यांची. मार्चमध्ये दिली नसती तर महिन्याभराचं भाडं फुकट गेलं असतं. कॅन्सल करता आली असती गं. मी तुझं मत विचारणारच होतो.

"कधी? ट्रक आल्यावर?"

सासूबाईंनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"तू ओव्हररिअ‍ॅक्ट करतेयस," प्रणव म्हणाला. "माझा जॉब चाललाय, कौमुदी. मी काय मजा म्हणून चाललोय का तिकडे? रात्र रात्र झोप नाही मला. इथे काही मिळालं नाही तर व्हिसा दोघांचा जातो."

हे खरं आहे. तेच तर. तो खोटा माणूस नाही. घाबरलेला आहे. पण तो घाबरला की माझं आयुष्य गुंडाळतो, स्वतःचं नाही.

म्हटलं, माझ्या नोकरीने माझा व्हिसा होतो. तू इथे दुसरं काही शोधेपर्यंत आपण माझ्यावर राहू शकतो.

तो हसला. वाईट नाही हसला. प्रेमानेच. "तुझ्या पगारावर?"

मग चीनच्या जाहिरातींचं सांगितलं. पासपोर्टचं. त्याने खांदे उडवले. "मग नको शिकवूस. तीन वर्षं लिही ना शांतपणे. रायटर आहेस ना तू?"

सासूबाई उठल्या, त्याच्या हातातली पिशवी घेतली. म्हणाल्या, "प्रणव, हात धुऊन घे." एवढंच. पण तो लहान असताना ज्या आवाजात म्हणत असतील, त्या आवाजात. तो गेला धुवायला.

जेवणं झाली. मी उठले, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि ऊर्मिलाला मेसेज केला. घर किती स्क्वेअर मीटर ते.

मंगळवार, ७ एप्रिल.

बस-स्टॉपवर आहे, पटकन लिहिते. संस्थेचं कॉन्ट्रॅक्ट सही करून पर्समध्ये आहे. त्याआधी, प्रणव झोपेत असतानाच, खाली मिटररांकडे गेले. ऊर्मिला पहिल्या ट्रेनने येऊन दारात उभी होती, पगाराची कागदपत्रं छातीशी धरून. मिटरर म्हणाले, रेगेन्सबुर्गवाल्यांचं नक्की नाहीये, आणि तुम्ही दोघी असाल तर मला रंगही द्यायला नको. एक जुलैपासून करार आमच्या दोघींच्या नावावर. सह्या झाल्या.

वर आले. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. प्रणव टॉवेल गुंडाळून बाहेर आला, खुशीत. मिटररांचा फोन आला होता म्हणे, घर गेलं. "बघ, टेन्शन संपलं. कुणी घेतलं काही कळलं का?"

"मी," म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

बस आली.