दोन चकत्यांमधली जागा

मानवत,
४ ऑगस्ट २०२५

चि. संघप्रियास,
काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमच्या शाळेतल्या भक्ती बाई परभणीहून रोज जा-ये करतात, म्हणून हे पत्र डब्याच्या पिशवीत. फोनवर तू धड बोलत नाहीस आणि मी नको तिथे विनोद करतो. कागदावर दोघेही जरा बरे वागतो.

तुझ्या बाबाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या मोडलेल्या मांडीत सळई बसवून आज नववा दिवस. ताप हटत नाही, जखम वाहतेच आहे. डॉक्टर म्हणतात, बघू. या क्रियापदाला एवढा लांब भविष्यकाळ असतो हे कुठल्या व्याकरणात वाचलं नव्हतं.

आज आठवीला एकच श्लोक तीनदा फळ्यावर लिहिला. पोरांनी तीनदा उतरवून घेतला, गुणी आहेत. तू त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहेस, तेव्हा काचेच्या बशीत काय उगवलं ते मला कळेल अशा भाषेत लिही. शालूकाकूने पाठवलेली भाकरी तू खायची आहे.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारा,
धम्मानंद

परभणी,
५ ऑगस्ट

ती. काकांना सविनय जयभीम.

भाकरी खाल्ली. बाबांच्या जखमेतले जंतू बशीत पसरले होते. त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात, शर्टाच्या गुंडीहून लहान. औषध लागू पडलं तर चकतीभोवती काही उगवत नाही, स्वच्छ गोल दिसतो. मी बारा ठेवल्या. एकीभोवतीही गोल नाही. चार दिवस बाबांना जे इंजेक्शन चालू आहे, त्याच्या चकतीला तर जंतू अगदी चिकटून उगवलेत. चार दिवस वाया गेले, काका. डॉक्टर आता पाय काढायचं बोलायलेत. मी इथलीच म्हणून माझ्यासमोर आडपडदा ठेवत नाहीत.

एक विचारायचंय. भरतीच्या कागदावर, गेल्या तीन महिन्यांत जंतूंवरचं काही औषध घेतलं का, या प्रश्नापुढे तुमच्या वळणदार अक्षरात 'नाही' आहे. त्यावर विसंबून ते इंजेक्शन निवडलं. खरंच नाही ना?

तुमची,
संघप्रिया

मानवत,
६ ऑगस्ट

चि. संघप्रियास आशीर्वाद.

घेतलं होतं. मीच दिलं होतं.

माझ्या कपाटाचा खण तुला ठाऊक आहे. गल्लीत कुणाचं औषध उरलं की पाकीट माझ्याकडे येतं आणि मी ते रोगाचं नाव लिहून डबीत ठेवतो. काकू त्याला संग्रहालय म्हणते. दादाचा घसा दुखतो म्हणून पाथरीला त्याच्या घरी जाताना त्यातल्याच चार-सहा गोळ्या न्यायचो. मेपासून पाच वेळा. दोन दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की बंद. कागद भरताना त्या मनातही आल्या नाहीत. डॉक्टरने लिहून दिलं तर औषध. खणातलं ते घरातलं, हळदीसारखं. पोरांच्या वहीतला सुटलेला अनुस्वार मला चष्म्याशिवाय दिसतो.

यादी सोबत आहे, तारखांसह. डॉक्टरांना माझं नाव सांगून दे. दादाला मात्र मी सांगेन. आज विनोद सुचत नाही.

धम्मानंद

परभणी,
८ ऑगस्ट

ती. काकांना जयभीम.

यादी वाचून डॉक्टर चिडले, मग कामाला लागले. मीही चिडले होते, म्हणून काल फोन उचलला नाही. पण असाच जंतू आमच्या वॉर्डात आणखी दोघांना आहे. तुमच्या गोळ्यांनी त्याला वाट करून दिली की तो इथंच लागला, हे बशी सांगत नाही. तेव्हा मी तुम्हाला माफ करू शकत नाही नि दोषही देऊ शकत नाही. असंच राहू द्या.

एकेकटं औषध हरलं म्हणून जोड्या लावून पाहिल्या, दोन चकत्या जवळजवळ ठेवून. सहा जोड्या फुकट गेल्या. सातवीत दोन्ही चकत्यांच्या मधे बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी दिसली. विश्वास बसेना, पुन्हा लावली. आज तेच. दोन्ही औषधं बाबांना सुरू केलीत. बशीत जमलं ते अंगात जमेलच असं नाही. पायाचा निर्णय सोमवारपर्यंत थांबवलाय. काकू म्हणते तुम्ही जेवत नाही. जेवा.

संघप्रिया

मानवत,
११ ऑगस्ट

चि. संघप्रियास अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर तू नुसतं अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा म्हणालीस, पाय काढत नाहीत म्हणालीस, आणि ठेवलास. मी वर्गातच खाली बसलो. पोरांना वाटलं, काहीतरी नवीन शिकवायलोय.

काल दवाखान्यात आलो तेव्हा, तू प्रयोगशाळेत असताना, दादाला सगळं सांगितलं. त्याने डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाला की घसा काई लय दुखत नव्हता. वहिनी गेल्यापासून पाथरीच्या घरात कुणी येत नाही. घसा धरला म्हणून फोन केला की धम्मू गोळ्या घेऊन येतो, शेवटच्या एसटीपर्यंत बसतो. एवढ्या लांबून आणल्यात, तर नाही कसं म्हणायचं, म्हणून गिळायचा.

त्याला पाणी पाजलं, तोंड पुसलं.

आता तो घरी आला की मी दर रविवारी पाथरीला जाणार आहे, रिकाम्या हाताने. राग उरला असेल तर ठेव थोडा, पण लोभात कपात करू नकोस.

तुझा काका,
धम्मानंद