पहिलं पान पोटुशीचं

॥ जोतिबाच्या नावानं चांगभलं ॥

राधानगरी,
१८ जून २०२५

चि. सौ. संयोगितास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळी खुशाल हायत, तिकडची खुशाली तू कळवायची हाय. फोन असताना आजी पत्र कशाला लिहिते, असं तू तुझ्या आईला विचारलंस म्हणं. अगं, फोनात तुझा आवाज मला डब्यात खुळखुळणाऱ्या वाटाण्यासारखा येतो. मग तुझी आई फोन मोठ्यानं लावती आणि तुझ्या मळमळीची बातमी गोठ्यापासनं दूधसंस्थेपर्यंत सगळ्यांना कळती. चौथीपर्यंत शिकले ते काय उगंच? काना-मात्रा चुकला तर तू सुधारून वाच.

मी पणजी होणार, हे आता सांगायला कुणी शिल्लक न्हाय. परवा एस्टीत कंडक्टर तिकिटाचं विचारायला आला, तर मी त्यालाच सांगून टाकलं. लई चांगलं झालं म्हणाला बिचारा, पण आजी, उतरायचं कुठं ते बी सांगा म्हणाला. मी त्या नादात माझा थांबा सोडून पुढं गेलते. परत चालत आले, पण पाय दुखलं न्हाईत बघ.

आता कामाचं. तुझ्या आईच्या फोनात तुझा फोटो बघितला. सहावा लागला तरी मनगट तसंच, बांगड्या कोपराकडं निघाल्यात. मला डोळ्यानं कमी दिसतं, पण एवढं कमी दिसत न्हाय. पोटात पोर वाढताना बाई जरा भरावी लागती. मी तुझ्या बापाबरोबर शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा, नाचणीचं पीठ आणि घरचं तूप पाठवलंय. आता तू दोन माणसांचं खायचं.

वजन किती वाढलं ते खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. मी तुझ्या बापाची आई हाय, थापा मला लगेच कळतात.

आकडा आणि खुशाली एकाच पाकिटात घालून पाठव, म्हातारीवर जीव असू दे.

तुझी आजी,
चिमणाबाई

—

कागल,
२७ जून २०२५

ती. आजीस, संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कंडक्टरची दया आली. ऋतुराजना वाचून दाखवलं, तेही खूप हसले.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. काल कोल्हापूरला तपासणीला गेले होते. सहावा लागला तरी माझं वजन जेमतेम दीड किलो वाढलंय. डॉक्टरीणबाई रागावल्या. तुझ्यासारख्या बारीक बाईचं सगळे महिने मिळून बारा-तेरा किलो तरी वाढायला हवं, असं त्या म्हणाल्या. सोनोग्राफीत बाळही महिन्याच्या मानानं लहान दिसतंय. महिन्याभरात वजनाचा काटा हलला नाही तर दवाखान्यात ठेवून घेईन, असं त्यांनी बजावलं. अंगात रक्त कमी आहे. गोळी मी चहाबरोबर घेत होते, तीही चूक निघाली. चहानं गोळीचा गुण जातो म्हणे.

आणि आजी, रागावू नकोस, पण दोघांचं खा हे त्यांना पटलं नाही. दुप्पट नको, जरा जास्त आणि नीट खा म्हणाल्या. डाळ, अंडं, पालेभाजी, दही, फळ, मूठभर शेंगदाणे. लाडू रोज एक चालेल, लाडवावर सगळं ढकलायचं नाही.

तुझा लाडू मात्र मला एकच मिळाला. आत्तींनी डबा वर ठेवला. (सासूबाईंना इकडं मी आत्तीच म्हणते.) जास्त खाल्लं तर पोर मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं, असं त्या म्हणतात. मग मामंजींच्या चहाबरोबर आणि यांच्या कंपनीच्या डब्यातून लाडू संपले. जेवायला आधी पुरुष, मग आम्ही. माझी वेळ येईपर्यंत भाकरी वातड आणि भाजीची खरवड. मटण केलं तर फोडी तिकडं, रस्सा इकडं. आत्ती स्वतःही तेच खातात, त्यामुळं मला तोंड उघडता येत नाही. त्या वाईट नाहीत गं. कडक आहेत, एवढंच. रीत म्हटली की तिच्यापुढं त्यांचाही शब्द नाही. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, हीसुद्धा त्यांची रीतच, म्हणून एवढं लिहितेय.

मला दवाखान्यात पडायचं नाही. बाळाची काळजी वाटते.

तू जपून राहा, पुढच्या थांब्यावर उतरू नकोस.

तुझी,
संयोगिता

—

राधानगरी,
३ जुलै २०२५

सौ. शालनबाई विहीणबाई यांस चिमणाबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं घर रितीभातीला किती धरून आहे, ते आम्ही लग्नातच पाहिलं. तुमची गौर तर अख्ख्या गल्लीनं बघून शिकावी अशी असते, असं संयोगिता सांगते. म्हणून हक्कानं लिहिते. आमच्या घराण्याची एक रीत तुमच्या कानावर घालायची राहून गेली. सहाव्या महिन्यापासून ती पाळायची असते. उशीर झाला, तो माझ्या म्हातारपणावर घाला.

आमच्याकडं तिला पहिलं पान म्हणतात. दोन्ही वेळा घरातलं पहिलं पान पोटुशीला वाढायचं. पुरुषमाणसं मागून. पानात गरम भाकरी, घट्ट डाळ नाहीतर उसळ, एक पालेभाजी, दही आणि एक अंडं. मटण-मासळी केली तर पहिली फोड तिची. सकाळी एक फळ, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे गुळाबरोबर. पान पुरतं रिकामं झाल्याशिवाय तिनं उठायचं नाही. फार वाढायचं नाही आणि कमीही वाढायचं नाही, पोट निवांत भरेल एवढंच.

या रितीचं एक अंग कडक आहे. पान एकटं वाढायचं नाही. सासूनं सुनेच्या समोर आपलं पान घेऊन बसायचं आणि तेच गरम अन्न तिच्याबरोबर जेवायचं. सासू जेवली नाही तर पान पुरं झालं असं धरत नाहीत.

तुमच्यासारख्या जाणत्या बाईला जास्त काय सांगायचं? तुमच्या हातून काही उणं राहायचं नाही, याची खात्री आहे. रावसाहेबांना नमस्कार, ऋतुराजना आशीर्वाद. दोन्ही घरांतला गोडवा असाच मुरत राहो.

आपली,
चिमणाबाई

—

कागल,
२० जुलै २०२५

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

आजी, हे काय केलंस? तुझं पत्र आलं त्या दिवशी आत्तींनी ते परत परत वाचलं. संध्याकाळी पाट मांडला आणि मला हाक मारली. मामंजी रोजच्यासारखे हात धुऊन येऊन बसले, तर आत्तींनी त्यांना उठवलं. आधी पहिलं पान, म्हणाल्या. मामंजींनी विचारलं, मग मी काय करू? आत्ती म्हणाल्या, म्हशीला पाणी दाखवा तोवर. ते खरंच गेले की!

तेव्हापासून मी रोज गरम जेवते. आत्ती समोर बसतात. पहिल्या दिवशी त्या जेवताना सारख्या दाराकडं बघत होत्या, चोरून खाल्ल्यासारखं. आता सावकाश जेवतात. परवा भाकरीवरचा पापुद्रा काढून बघितला आणि म्हणाल्या, आपली भाकरी अशी असते होय गं. इतकी वर्षं थापतात, पण तव्यावरची गरम कधी खाल्लीच नव्हती.

पण मला भीती वाटतेय. काल त्यांनी आईला फोन करून विचारलं की तुमच्या वेळी पहिलं पान किती दिवस पाळलं. आई गडबडली. मी तेव्हा माहेरी होते, सासूबाईंना ठाऊक, असं काहीतरी बोलली. आत्ती हं म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांचं ते हं मला चांगलं माहीत आहे. पुढच्या शुक्रवारी तपासणी आहे आणि या वेळी मी बरोबर येते म्हणतात. आपल्याकडं अशी रीत खरंच होती का? नसली आणि त्यांना कळलं, तर पान बंद होईल, आणि आत्ता कुठं काटा हलायला लागलाय.

लगेच उत्तर दे, आणि या वेळी थापा नकोत.

संयोगिता

—

राधानगरी,
२४ जुलै २०२५

चि. सौ. संयोगितास अनेक आशीर्वाद. वि. वि.

रीत न्हवती. आता हाय.

तुझं मागचं पत्र आलं त्या दिवशी मी गोठ्यात बसून विचार केला. समोर आपली गाभण म्हैस. तिला तुझा बाप सरकी पेंड वाढवून घालतो, ओला चारा निवडून टाकतो. तिला कुणी म्हणत न्हाय की रेडकू मोठं होईल, उपाशी ठेवा. आणि माझी नात खरवड खाती. हे मी शालनबाईंना लिहिणार होते, लिहिलं बी होतं, मग फाडलं. भांडून एक दिवस जेवायला मिळतं, पोर मात्र रोज वाढायचं असतं.

मग तूच लिहिलंस की रितीपुढं त्यांचा शब्द न्हाय. जगातल्या रिती कुणीतरी बसूनच काढल्या असतील की. तवा कुणी मला विचारलं न्हाय, आता मी बी कुणाला विचारलं न्हाय. पानातलं सगळं तुझ्या डॉक्टरीणबाईंचं हाय, मी फक्त वर पदर घातला. लाडवाचा मला राग आला होता, खरं सांगते. दोन दिवस त्या बाईशी मनातल्या मनात भांडले. मग म्हटलं, शिकलेली हाय, पोराचं बघती, ऐकावं. लाडू धाकटे वळायला लागले.

एक सांगते. या खोट्यात मी देवाचं नाव घातलं न्हाय. न पाळलं तर कोप होतो, असं बी लिहिलं न्हाय. शालनबाईंनी विचारलं तर माझ्यावर ढकल. त्यांनी तोंड सोडलं तर मी ऐकून घेईन, मला तसंही अर्धं ऐकू येतं. पण तू पानावरनं उठायचं न्हाईस. तपासणीचं झालं की कळव. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे.

भिऊ नकोस, जेव. मायेत खंड पडू देऊ नकोस.

आजी

—

कागल,
४ सप्टेंबर २०२५

ती. आजींना शालनचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मला पत्र लिहायची सवय नाही, आणि काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

तुमची रीत खोटी आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. संयोगिताच्या आईला फोन नंतर केला, तो फक्त खात्रीला. गौरीपासून बेंदरापर्यंत सगळ्या रिती मी पाळल्या. उपास करा, मागून जेवा, उभं राहून वाढा, हे सांगणाऱ्या. बाईला बसवून गरम जेवू घालणारी रीत उभ्या जन्मात ऐकली नव्हती. तेव्हाच म्हटलं, ही कुणीतरी बाईनं रचली.

राग आला. मला फसवलं म्हणून पान बंद करणार होते. पण तपासणीला गेले आणि डॉक्टरीणबाईंना मीच विचारलं. आजी, माझं पहिलं बाळंतपण फार अडलं होतं. ती मुलगी राहिली नाही. पोर मोठं होतं, असं तेव्हा सुईण म्हणाली. म्हणून ऋतुराजच्या वेळी मी अर्ध्या भाकरीवर राहिले, आणि तो झाला तेव्हा उंदराएवढा होता. त्याला जगवताना जे सोसलं, ते तो लहान झाल्यामुळं, हे मला कुणी सांगितलंच नाही. उपाशी राहून बाळंतपण सोपं होत नाही, अशक्त बाई कळा द्यायलाच थकते, असं त्या म्हणाल्या. अडचण असली तर आम्ही आधी ओळखू, ते आमचं काम, तुम्ही हिला जेवू घाला म्हणाल्या. परत येताना मी गाडीच्या खिडकीबाहेरच बघत होते. संयोगिताला वाटलं मी रागावले. मी माझ्या मुलीचा विचार करत होते.

पान बंद केलं नाही. आता आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाढतंय. परवाच्या सोनोग्राफीत बाळ महिन्याच्या मापात आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. गल्लीतल्या दोघींनी मला रीत विचारून घेतली. राधानगरीकडची आहे, असं मी सांगितलं. तुमचं नाव लावलंय, आता मागं घेता येणार नाही.

एक मागणं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत खरी आहे, आणि ती तुमचीच बाजू आहे. पण दवाखाना इथून जवळ, तुमच्या घाटवाटेला रात्री गाडी मिळायची नाही. तिला माझ्याकडं राहू द्याल का? मी शब्द देते, पान चुकणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर गणपती झाले की मी स्वतः पोचवायला येईन.

थोरपणानं समजून घ्या.

शालन

—

राधानगरी,
८ सप्टेंबर २०२५

सौ. शालनबाई यांस चिमणाबाईचे आशीर्वाद. आता नमस्कार न्हाय, आशीर्वादच. वि. वि.

तुमचं पत्र मी एकटीनं वाचलं. तुमच्या मुलीचं वाचून पुढं अक्षर लागेना, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बाई, तुमच्या वेळी कुणीतरी असं पत्र टाकायला हवं होतं.

मी इकडं माजघर सारवून ठेवलं होतं. सून म्हणाली, पोरगी माहेरी न्हाय आली तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक बाळंत व्हायचे न्हाईत. संयोगिता तुमच्याकडंच राहू दे. माझ्या जिवाला थोडं लागलं, ते खोटं कशाला बोलू? पण तिचं पान तिथं मांडलंय, ते मोडून मला मान नको.

मात्र मी इकडं बसून राहणार न्हाय. रविवारच्या एस्टीनं येते, बाळाचं बारसं झाल्यावरच परत जाईन. रावसाहेबांना म्हशीकडं जरा जास्त वेळ थांबायला सांगा. आता आत तिघी जेवायला बसणार हायत.

तुमची विहीण,
चिमणाबाई