वरच्या आळीचं पाणी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पुन्हा पांढरी! सगळीच्या सगळी. माशांची शंभर-सव्वाशे तरी अंडी असतील पानावर. काल संध्याकाळपर्यंत पिवळसर, चांगली होती. आज सकाळी बघतो तर साबुदाणा. नर-मादी दोघंही अजून पर हलवून त्यांना वारा घालून राहिलेत. मेलेल्या अंड्यांना! बघवेना, उठून चहा टाकला.

ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी बोअरचं पाणी होतं — टीडीएस आठशे सत्तर. या डिस्कस माशांना मऊ पाणी लागतं, क्षाराच्या पाण्यात अंडी टिकत नाहीत. बत्तीस वर्षं जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काढली, आणि घरच्या माशांचं पाणी वेळेवर तपासायला नको? या खेपेला निव्वळ आरओ मशीनचं घातलं. तर त्याचा पीएच सकाळी साडेसहा, संध्याकाळी सव्वापाच! गाळून गाळून त्यातलं सगळंच काढलेलं, मग पाणी तग कशावर धरणार.

आईला सांगितलं. म्हणाली, पुन्हा घालंल. मग पिल्लं कधी दिसतील, हे तिसऱ्यांदा विचारलं.

५ फेब्रुवारी

पाणी २९ अंश. हीटर ठीक. दोघंही खातायत.

आमची ही गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून नांदेडच्या या घरात मी आणि आई, दोघंच. आई चौऱ्याऐंशीची. मधे सहा महिने तर बोलायचीच बंद झाली होती. हो-नाही, बास. उदगीरच्या गुरुपादप्पांकडून हे मासे आणले आणि ती टँकसमोर खुर्ची टाकून बसायला लागली. आता दिवसभर त्यांच्याशी बडबड. नराला 'कारभारी' म्हणते. मला तर वाटतं, मासे जगवतोय मी, पण जगवतायत ते तिला.

म्हणून ही पिल्लं व्हायलाच पाहिजेत. माझी हौस गेली खड्ड्यात.

८ फेब्रुवारी

गुरुपादप्पांना फोन केला. आधी म्हणाले, झाडं काढा, मोकळ्या टँकमध्ये जोडी टाका. आईनं पलीकडून ऐकलं — "त्यांचं रान काढायचं न्हाई." विषय संपला. ते हसले. म्हणाले, मग निसर्गाचं मऊ पाणी बघा. एखादा झरा, विहीर. तुम्हाला काय, सगळ्या जिल्ह्याचं पाणी पाठ आहे.

पाठ आहेच. कुठल्या गावात फ्लोराईड, कुठं नायट्रेट, कुठं नुसतं मीठ — झोपेत विचारा. सगळ्यात मऊ पाणी कुठलं तेही ठाऊक आहे. टीडीएस एकशे अठरा.

ते मी आणणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कारण ती आमच्याच गावची विहीर. इस्लापूरच्या अलीकडं, वरच्या आळीतली.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आम्हा खालच्या आळीतल्यांना विहिरीच्या कट्ट्यावर चढू देत नव्हते. खाली घागर ठेवून बसायचं. वरच्या आळीतलं कुणी शेंदायला आलं आणि मर्जी झाली, तर वरून ओतायचे. त्या दिवशी मला तहान लागली होती. आईनं ओंजळ पुढं केली. वरच्या बाईनं धार धरली, आणि बोलता बोलता गंमत म्हणून बाजूला सरकवली. पुन्हा ओंजळीवर, पुन्हा बाजूला. बाकीच्या हसल्या. आईनं ओंजळीत जेवढं उरलं तेवढं मला पाजलं.

त्या दिवशी ठरवलं, या विहिरीचं पाणी पुन्हा तोंडात घालायचं नाही. घरी आई भरून ठेवायची ते ओढ्याचं, असं मी धरून चाललो होतो. अठ्ठ्याण्णव साली त्याच विहिरीचा नमुना घ्यायला सरकारी जीपमधून गेलो. 'पिण्यास योग्य' असं लिहून खाली सही केली, ती माझी. आणि तहान लागली तेव्हा घरून नेलेल्या बाटलीतलं प्यालो.

आईला हे कधी सांगितलं नाही. तिला कशाला आठवण करून द्यायची?

१२ फेब्रुवारी

मादी तोंडानं पान पुसायला लागली. म्हणजे तीन-चार दिवसांत घालणार.

१३ फेब्रुवारी

आईनं आज कारभाऱ्याला विचारलं, "मी हाय तवर दावशील का रं?"

मी आत जाऊन रिकामे कॅन धुतले. चार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जाऊन आलो. आईला सांगितलं, पेन्शनच्या कामाला चाललो.

बसवंत भेटला. शाळेत माझ्या वर्गात होता, वरच्या आळीतलाच. खूप जीव लावून बोलला. गावात नळ आले, विहिरीकडं आता कुणी फिरकत नाही, पाणी तूच साफ-बीफ करून घे म्हणाला. माशांसाठी पाणी न्यायला नांदेडहून कुणी येतं, याचं त्याला भारीच नवल वाटलं.

दोर-पोहरा त्यानंच आणला. "तू पाहुणा. तू खाली कॅन धर, मी शेंदतो." मीही कॅन घेऊन खाली बसलो. रहाट असा केकाटला की अर्ध्या गावाला कळावं. बसवंत म्हणाला, आमची आई सांगायची, पूर्वी हा रहाट कधी म्हणून वाजायचा नाही. तेल कोण घालायचं देव जाणे.

पोहरा वर आला. त्यानं तो उचलला आणि माझ्या कॅनमध्ये धार धरली. वरून. मी खाली उकिडवा, दोन्ही हातांत कॅन.

आधी माझे हात थांबले, मग त्याची धार थांबली. त्याच्याही ध्यानात आलं असणार, तोही त्याच गावचा. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पाहुणचार करत होता! त्यानं पोहरा कट्ट्यावर ठेवला, चार पायऱ्या उतरून खाली आला. माझ्या हातातला कॅन घेतला आणि स्वतः खाली बसला.

"जा, तू शेंद," म्हणाला.

चढलो. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा त्या कट्ट्यावर उभा राहून दोर धरला. नमुना घेतला तेव्हासुद्धा शिपायाला चढवलं होतं मी! चारही कॅन भरले. हाताला फोड आलाय. बसवंतच्या घरी चहा घेतला. निघताना त्यानं टोपलीभर हरभऱ्याचे डहाळे गाडीत ठेवले.

पाणी मात्र नाही प्यालो.

१५ फेब्रुवारी

पाणी मोठ्या ड्रममध्ये ओतून, झाकण लावून ठेवलं. एकशे अठरा! सत्तावीस वर्षांत आकडा हललेला नाही. थोडं थोडं टँकमध्ये सोडतोय. आईनं विचारलं तर म्हटलं, मशीनचं आहे, नवीन जाळी बसवली. ती हं म्हणाली.

१७ फेब्रुवारी

घातली! ॲमेझॉन स्वोर्ड झाडाच्या त्याच रुंद पानावर. आता हात लावायचा नाही, खामखा डोकवायचं नाही.

१८ फेब्रुवारी

दहा-बारा पांढरी. बाकी शाबूत. दिवसातून चाळीस वेळा डोकावलो.

२० फेब्रुवारी

फुटली! पानावर नुसती वळवळ. भिंगातून आईला शेपट्या दाखवल्या. ती बराच वेळ भिंग सोडेना. जेवण गार झालं.

ड्रममधलं पाणी जरा कमी वाटतं. गळतोय की काय? पेननं खूण करून ठेवली.

२३ फेब्रुवारी, रविवार

पिल्लं पोहायला लागली, आणि सगळी जाऊन आईबापांच्या अंगाला चिकटली. या माशांच्या अंगावर एक चिकट साय येते, तीच पिल्लांचं पहिलं अन्न. आईला हे समजावून सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "बापाच्या बी अंगावर?" म्हटलं, हो, बापाच्यासुद्धा. मादी दमली की अंगाला झटका देते, पिल्लं कारभाऱ्याकडं जातात.

"गुणाचा हाय," म्हणाली. आणि रडली. मीही रडलो, खोटं कशाला लिहू. साठ-सत्तर तरी असतील.

२५ फेब्रुवारी

ड्रम खुणेच्या चार बोटं खाली! मी काढलं त्याचा हिशेब जुळत नाही. ड्रम कोरडा, फरशी कोरडी. वाफ एवढी होत नाही. बत्तीस वर्षं पाणी मोजलं, मला कुणी शिकवू नये.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चोर सापडला. सकाळी मोरीकडं निघालो तर ड्रमपाशी आई. झाकण बाजूला, हातात फुलपात्र. अगं, ते माशांचं पाणी! तिनं सावकाश संपवलं, पदरानं तोंड पुसलं.

"आपल्या गावचं हाय. पहिल्या दिवशीच वळखलं म्या."

मग राहवलं नाही. सगळं सांगितलं. ती ओंजळ, ती धार, तिच्यासाठी इतकी वर्षं मी ते पाणी तोंडात घातलं नाही ते. ऐकता ऐकता ती हसायला लागली. इतकी, की तिला धरून खुर्चीवर बसवावं लागलं.

"येड्या, वंजळीवर घर चालतं का? गाव उठायच्या आत मीच कट्ट्यावर चढून शेंदायचे. रोज दोन घागरी. रहाट वाजू ने म्हणून घरचं गोडंतेल घालायचे त्याला. दिवसा खाली बसायचे ते कुणाला संशय येऊ ने म्हणून. त्याच पाण्यावर वाढलास तू."

फुलपात्र बुडवून तिनं माझ्यापुढं धरलं. प्यालो.