जपानहून आलेला रथ

तेलीबांधा, रायपूर
ऋषिपंचमी

तीर्थस्वरूप श्रीपाददादांस,

नीलकंठचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकेल तेवढाच नमस्कार तूर्त पाठवतो आहे, उरलेला समोरासमोर घालीन.) अमरावतीला सगळे खुशाल असतील. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता लांबच्या पाट्याही वाचता येतात, हे वहिनींकडून कळलं. ते ऐकून मला जो आनंद झाला त्यात थोडा स्वार्थ आहे, पण त्याकडे मी मागाहून येतो. आमच्याकडचं म्हणाल तर तुमच्या बहिणीचं, विजयाचं, तुम्हाला ठाऊकच आहे. दुखणं पाठीच्या कण्यात उतरलं आहे, आणि डॉक्टरांनी औषधं कमी करून बोलणं गोड केलं आहे. त्यावरून काय समजायचं ते आम्ही समजलो. लेक श्रावणी पुण्याहून येऊन गेली. दिवाळीला पुन्हा येते म्हणाली, तर विजया म्हणाली, त्याच्या आधी ये. तुम्ही दर रविवारी फोन करता, रायपूरला पाऊस किती झाला ते विचारता आणि फोन ठेवून देता. पाऊस यंदा बरा आहे.

आता गाडीची हकीकत. तुमच्या कानावर ती उलटसुलट आली असेल (वहिनींनी "तुम्ही म्हणे देऊळ विकत घेतलं" असं विचारलं), म्हणून मुळापासून लिहितो. आमच्या पाऱ्यातल्या (इथे मोहल्ल्याला पारा म्हणतात) गणपतीपुढे विजया लग्न होऊन आली तेव्हापासून दर विसर्जनाला महादेव घाटापर्यंत चालत जाते. हिवाळ्यात डॉक्टरांकडून परत येताना ती एवढंच म्हणाली की यंदा काही चालणं होणार नाही. मी मनात पक्कं केलं की चालणं होणार नसेल तर बसून, पण यंदाही तिनं गणपतीबरोबर जायचं. मंडळाचा गणपती जातो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. त्या ट्रॉलीत धडधाकट माणसाचे दात वाजतात, तिथे तिच्या पाठीचं काय होणार? अॅम्ब्युलन्स सुचवून पाहिली. ती म्हणाली, त्यात बसलेल्या माणसाकडे लोक कसे पाहतात ते तुम्ही पाहिलं नाही. तेव्हा गणपतीही मावेल, शेजारी तीही बसेल आणि धक्का म्हणून लागणार नाही, अशी गाडी शोधणं आलं. अशी गाडी रायपुरात नव्हती. दुर्गला नव्हती. नागपूरला एक होती, ती लग्नाच्या घोड्यांची निघाली.

अशा वेळी मला शेखर भेटला. हा तेलीबांधा तलावासमोर दुसऱ्या मजल्यावर बसतो आणि जपानच्या लिलावातून जुन्या गाड्या मागवून देतो. आडनावानं आपलाच आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देतो. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की परदेशातली जुनी गाडी आणायची तर तीन वर्षांच्या आतली हवी, एवढा एक नियम सांभाळला की बाकी सगळं त्याच्यावर. (खर्चाचं मी इथे काही लिहीत नाही, कारण हे पत्र विजया वाचणार.) मग तो पडद्यावर गाड्या दाखवू लागला. जपानी गाड्यांना शाळेसारखे गुण असतात, कुठे ओरखडा, कुठे पोचा, सगळं आधी लिहून देतात. मी त्याला विजयाचं दुखणं सांगितलं, आत किती लांब जागा हवी ते सांगितलं, धक्का चालणार नाही हे सांगितलं. त्यानं मान हलवली, बराच वेळ काही शोधलं आणि एक फोटो समोर आणला.

दादा, मी खुर्चीतून उठून हात जोडले. काळी कुळकुळीत लांब गाडी, आणि तिच्या मागच्या अर्ध्या भागावर चक्क सोन्याचं देऊळ. उतरती शिखरं, कमळं, पक्षी, कोपऱ्याकोपऱ्याला कोरीव काम. आमच्या मंडळानं आजवर उभारलेली सगळी मखरं एकावर एक रचली तरी तिच्या पासंगाला पुरणार नाहीत. आत पडदे, छताला मंद दिवे, खाली गुळगुळीत फळी आणि त्या फळीत लाटण्यासारखे रूळ बसवलेले. म्हणजे मूर्ती न उचलता आत सरकवायची सोय! त्या लोकांच्या बारीक विचाराचं मला फार कौतुक वाटलं. गाडी फारच थोडी चाललेली, एका मालकाची, रोज धुतलेली, आणि शेखर म्हणाला, "अंकल, ये गाडी कभी तेज़ चली ही नहीं." चालकाशेजारी एकच जागा होती, रुंद आणि मऊ. मी म्हटलं, ही विजयाची. फोटो घरी नेऊन दाखवला. तिनं तो जवळ घेतला, लांब धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, घ्या, छान आहे.

लिलाव मी शेखरच्या शेजारी बसून डोळ्यांनी पाहिला. आधीच्या गाड्यांवर बोलीचे आकडे असे पळत होते की वाचता येईनात. आपल्या गाडीची पाळी आली आणि आकडा थांबला. सगळ्या जपानात आमच्याविरुद्ध एकानंही बोली लावली नाही. शेखर माझ्याकडे पाहून नमस्कार करता झाला. मी समजलो, त्यालाही बाप्पाची कृपा पटली. येताना हलवायाकडून पेढे घेऊन मी अध्यक्ष यशवंतरावांच्या घरी गेलो आणि यंदाचा गणपती जपानी रथातून जाणार हे जाहीर केलं. त्यांनी त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून कळवलं.

पुढचे महिने गाडी समुद्रात आणि मग मुंबईच्या बंदरावर होती आणि मी फोनवर. "अंकल, कल पक्का" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की विजया झोपेतसुद्धा माझ्या आधी म्हणू लागली. कधी कागद कमी पडे, कधी शिक्का, कधी ज्याच्याकडे शिक्का तो माणूसच. मी पंडरीच्या कापडबाजारात जाऊन आतल्या फळीवर टाकायला मखमल आणली, शिंप्याकडून झालर करून घेतली, विजयासाठी उशा शिवून घेतल्या. दिवस कसे गेले कळलं नाही. आणि श्रावणात एका सकाळी गाडी ट्रेलरवर चढून दारात आली. येताना वाटेतल्या गावांनी तिला हार घातले होते, ढाब्यावर कोणी नारळ फोडला होता, पुढच्या काचेला गुलाल होता. पाऱ्यातल्या बायकांनी ओवाळलं. शेजारच्या शांताबाईंनी गाडीला साडीचा पदर लावून तो डोळ्यांना लावला. त्यांच्या पुष्करनं तिला नव्या रायपुरातल्या मोकळ्या रस्त्यांवरून फिरवून आणलं आणि अशी गाडी आपण जन्मात चालवली नाही म्हणून सांगितलं.

मग यशवंतराव मूर्तीचं माप घ्यायला आत शिरले. छताचे दिवे नीट पाहावेत म्हणून ते फळीवर उताणे पडले. (पंच्याण्णव किलोचे गृहस्थ, पण रूळ उत्तम.) आमच्या कोणाचा तरी हात कुठल्या तरी खटक्याला लागला आणि यशवंतराव पाय पुढे करून, हात पोटावर जुळवलेले, अगदी आवाज न करता बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विजयाला मी व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं होतं. टाळ्या थांबल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, गणपती बसते. झोपत नाही."

पुष्करनं मोबाइल काढला, पाहिलं आणि आईच्या हातात दिला. शांताबाईंनी पदर झटकला. यशवंतराव अजून फळीवरच होते. त्यांना कोणी हात देईना, तेव्हा ते आपलेआप उठले, घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि तेव्हापासून सर्दीनं पडून आहेत. जपानात ज्या गाडीतून माणसाला शेवटचं नेतात ती ही गाडी. म्हणून ती हळू चाललेली, म्हणून रोज धुतलेली, म्हणूनच शेजारी एकच जागा, आणि म्हणूनच तिच्यावर कोणी बोली लावली नाही.

मी रागानं शेखरचा जिना चढलो. मनात पुष्कळ बोलायचं ठरवून गेलो होतो. तो उठून उभा राहिला, त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "अंकल, मुझे लगा आपको मालूम है. आपने आंटी का बताया, फिर लंबाई बताई, बोले झटका नहीं लगना चाहिए. मैंने पूछना ठीक नहीं समझा. घर जाके मिसेस को बोला, ऐसा प्यार आजकल कौन करता है." त्याचे डोळे भरले होते. आता अशा माणसाशी भांडायचं कसं? मी चहा घेऊन परत आलो.

मंडळानं बैठक घेऊन ट्रॅक्टरवाल्याला पुन्हा सांगितलं. गाडी झाकून ठेवा असा निरोप आला, म्हणून ताडपत्री घातली. पण देवळाचं शिखर वर राहतं, त्यामुळे झाकलेली गाडी उघडीपेक्षा जास्त दिसते. पोट्टे तिला हात लावून यायच्या पैजा लावतात. इतक्यात पंडरीच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं वडिलांसाठी ती भाड्यानं मिळेल का म्हणून विचारणा केली. वडील कधी गेले असं मी विचारलं, तर ते रिक्षातून उतरतच होते. त्यांनी स्वतः सगळं फिरून पाहिलं, रूळ हातानं फिरवून पाहिले, देऊळ पसंत केलं, फक्त पडद्याचा रंग थोडा उजळ हवा म्हणाले. मग विजयाजवळ बसून दोघांनी चहा घेतला. काय बोलले माहीत नाही, पण ती हसत होती.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर एका दुपारी ती म्हणाली, मला त्या पुढच्या सीटवर बसवा. मी नको म्हटलं, ती ऐकेना. उशा लावून बसवली. दादा, तिथे तिची पाठ दुखत नाही. पलंगावर दुखते, खुर्चीत दुखते, तिथे नाही. एवढ्या सगळ्या व्यवहारात हे एक खरं निघालं. आता ती रोज दुपारी त्या काळ्या गाडीत बसून मेथी निवडते, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते, आणि लोक रस्ता बदलून जातात. मी व्हरांड्यात बसून पाहतो. तिच्या मागे ती रिकामी फळी असते, तिच्यावर मीच घातलेली मखमल असते. मला फार भीती वाटते, दादा. दुसरं काही लिहायचं सुचत नाही.

वहिनींना नमस्कार सांगा. चष्मा नवा केला असेल तर सांभाळा.

तुमचा,
नीलकंठ

ता. क. डोळ्याबद्दलच्या माझ्या स्वार्थाचं लिहितो म्हटलं होतं. घरचा गणपती विजया मांडीवर घेऊन त्याच सीटवर बसून महादेव घाटावर जायचं म्हणते. मंडळ येवो न येवो. गाडी चालवायला कोणी तयार नाही. पुष्कर म्हणतो, "मम्मी ने मना किया है." मला तर सायकलही धड येत नाही. तुम्ही परतवाड्याच्या घाटात एसटी चालवलेली, आणि लहानपणी ती तुमच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर बसून फिरलेली. ते ती अजून सांगते. अनंत चतुर्दशीच्या आधी या. तुम्हाला तिला पाहवत नाही, म्हणून तुम्ही पाऊस विचारता, हे आम्हा दोघांनाही कळतं. चालवताना रस्त्याकडे पाहायचं असतं. तिच्याकडे पाहावं लागणार नाही.

आणखी ता. क. माझी काळजी करू नये. मी खंबीर आहे.

*

दादा, पत्र पाकिटात घालाले माझ्याजवळ दिलं, म्हणून खाली दोन ओळी मी लिहून राहिले. मले मिरवणुकीत बसाची हौस कधीच नव्हती. चालणं होणार नाही म्हटलं, तर हे जपानपर्यंत गेले. फोटो आणला तेव्हाच मले समजलं होतं ते काय आहे. गणपतीले कोणी पडदे लावून नेते काय? पण त्याच्या आधी रोज सकाळी हे नळ सुरू करून न्हाणीत रडत. गाडीच्या मागे लागले आणि नळ बंद झाला. म्हणून मी म्हटलं, घ्या, छान आहे. आता गाडी आली, धावाधाव सरली, आणि कालपासून नळ पुन्हा सुरू आहे.

म्हणून तू ये. माझ्यासाठी नाही आलास तरी चालते, यांच्यासाठी ये, आणि नंतर काही दिवस इथंच राहजो. यांले गाडी चालवाले शिकवजो, तेवढाच वेळ जाईल. घाटावर दुसऱ्यांदा जाशील तेव्हा मी मागच्या फळीवर असीन. बाजूच्या सीटवर यांले बसवजो. तिथं दुखत नाही.

विजू