फेस्टीला घेतल्याशिवाय येऊ नकोस

इनिशलोन बेट,
आपल्या स्वयंपाकघरातलं टेबल, खिडकीकडची बाजू

प्रिय ताईस,

एथ्नाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली फारसं वाकता येत नाही, तेव्हा मनातल्या मनात वाकले असं समज.) पाकिटावर मी ‘रेव्हरंड सिस्टर फिंटन’ असंच लिहिलं आहे, कॉन्व्हेंटच्या दारात कुणाला वावगं वाटायला नको. पण आत तुला ताईच म्हणणार. आपल्या घरच्या नूआलाला, म्हणजे तुला, एका दाढीवाल्या संताचं नाव का दिलं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आणि आता विचारायला मदर लिगोरी राहिल्या नाहीत. तुझी कंबर कशी आहे? रात्रीचा खोकला? जेवणघरात त्या ठेंगण्या सिस्टर अजून तुझी उन्हातली खुर्ची बळकावतात का? मी बरी आहे. फेस्टीही बरा आहे. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला किती हायसं वाटलं, ते पुढं वाचलंस की कळेल.

तू मला कोणत्या कामावर धाडलंस ते मी विसरलेले नाही. गेल्या हिवाळ्यात हा आपला एकुलता भाऊ धक्क्याच्या उतारावर शेवाळावरून घसरला आणि बार्टली बोट घेऊन येईपर्यंत तिथंच पडून राहिला. त्याला म्हणे त्या निमित्तानं ढग नीट बघायला मिळाले. वय झालेलं, घरात एकटा, वादळ आलं की आठवडाभर बोट नाही. त्याला थंडीच्या आत गॉलवेला माझ्याकडं आणायचं, हे आपल्या दोघींचं ठरलं होतं. माझ्या नवऱ्याची, मॅलकीची खोली मी तयार ठेवली होती. नवी गादी, रेडिओ, खिडकीतून बसथांबा दिसतो, म्हणजे माणसांची ये-जा राहील. (मॅलकी गेल्यापासून त्या खिडकीतून मीच बघत बसते. खोटं कशाला बोलू?) निघताना तू काठी टेकत कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत आलीस आणि बजावलंस, “फेस्टीला घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.” ते शब्द कानात घेऊन मी बोटीत चढले.

बोट तीच गं, बार्टलीची, फक्त आता बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत आणि त्याही जागेवर राहत नाहीत. खडकाच्या आडोशातून बाहेर पडलो आणि समुद्रानं आम्हाला असं उचललं, की मला आधी सगळं आकाश दिसलं, मग सगळं पाणी, मग बार्टलीचे बूट. माझ्या एका बाजूला गॅसच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला पाय बांधलेली मेंढी. मेंढी माझ्यापेक्षा सभ्यपणे बसली होती. समोर शाळेतल्या उसन्या आणलेल्या खुर्च्यांची चळत, त्यावर कापडात गुंडाळलेली भलीमोठी भाजलेली डुकराची मांडी, आणि तिच्यावर हात ठेवून बसलेले एक तरुण फादर, पोटाशी काळी पेटी धरून. मी म्हटलं, कुणाकडं काहीतरी आहे वाटतं. तेवढ्यात बार्टली सुकाणूवरून ओरडला, “एथ्ना, तू आलीस ते फार बरं झालं बघ. अशा वेळी घरचं माणूस हवंच.”

आता मी त्याला विचारायला हवं होतं, की बाबा, कशा वेळी? पण तुला ठाऊक आहे, सभ्य मुलगी सरळ प्रश्न विचारत नाही हे मदर लिगोरींनी शाळेत पट्टीनं शिकवलेलं. आणि आपली बेटावरची माणसं न विचारता सरळ सांगत नाहीत. मी नुसतं म्हटलं, “हो, यायलाच हवं होतं.” बार्टली म्हणाला, “उद्या अख्खं बेट तुमच्या दारात. आम्ही सगळं बघितलंय, तू चिंता करू नकोस. घराला पांढरा रंग दिला, आत बाहेर. फेस्टीचा तो काळा सूट बॅबीननं इस्त्री करून ठेवलाय.” मी कसंबसं विचारलं, “आणि फेस्टी?” तर म्हणतो, “बिचारा, दोन दिवस फार ताण सोसला त्यानं. आता अगदी शांत आहे.”

ताई, तूच सांग. आपल्याकडं कुणी उगाच घर रंगवतं का? रंग, खुर्च्या, मांडी, फादर, काळा सूट आणि शांत झालेला फेस्टी! मोबाइल मी घरी टेबलावर ठेवून आलेले (बोटीत पडला तर?), म्हणजे कुणी कळवलं असतं तरी मला कळणार कसं? मी हातरुमाल तोंडाला लावला आणि रडायला लागले. आपल्या फेस्टीनं लहानपणी माझ्या बाहुलीला खेकड्यांच्या टोपलीत बसवून बुडवलं होतं, त्याबद्दल मी त्याला तिथंच, त्या लाटांवर, मनापासून माफ केलं. फादर ग्रिफिन फार मायाळू. (नवेच आहेत, कानामागं अजून साबण राहतो.) ते हळूच म्हणाले, “थोडा वेळ त्रास होतो. मग सवय होते.” आणि त्यांनी मला आल्याचं बिस्किट दिलं. मी म्हटलं, ही कसली सवय, फादर, आम्ही एका पाळण्यात वाढलो. त्यांनी घाबरून आणखी एक बिस्किट दिलं. मग मी मृतांसाठीची प्रार्थना पुटपुटायला लागले, तेव्हा तेही पाठोपाठ म्हणू लागले; मला वाटलं फेस्टीसाठी, पण ते बोटीसाठी म्हणत होते असं नंतर कळलं.

कडे दिसू लागले. तेच काळे, वर शेळीची पाऊलवाट, खाली पांढरा फेस. धक्क्याशी बोट लाटेनं वर येते तेवढ्यात उडी मारायची, हे माझ्या पायांनी अजून लक्षात ठेवलंय याचं मला नवल वाटलं. बार्टलीनं दोर फेकला. धक्क्यावरच्या माणसानं तो झेलला, खुंटाला गुंडाळला आणि वर बघितलं. फेस्टी होता. दाढी गुळगुळीत, केस कापलेले, गालाला पांढऱ्या रंगाचा शिंतोडा.

मी उतरले आणि त्याला छत्रीनं मारलं. “तू जिवंत आहेस!”

“अजून तरी आहे,” फेस्टी म्हणाला. “तू का हिरवी पडलीस? मेंढी बघ कशी टवटवीत आहे.”

बरं, मेला नाही, हे ठरलं. मग घर का रंगवलं? हा विचार करत मी चढण चढले आणि दारातच थबकले. आपल्या बैठकीच्या खोलीत, आईच्या खुर्चीवर उभी राहून, शेजारची विधवा बॅबीन पडदे लावत होती! जिच्या कोबीत आपलं गाढव शिरलं म्हणून फेस्टी आणि ती किती वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, ती बॅबीन. आणि वरून फर्मान सोडत होती, “फेस्टी, ते चिखलाचे बूट बाहेर! उद्या नवे घालायचे, आणि मला न विचारता केकला हात लावलास तर बोटं तोडीन.” आणि आपला फेस्टी, ज्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, तो “बरं बाई” म्हणून बूट काढायला बसला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या वयात! मी मॅलकीच्या खोलीचा विचार केला. तिच्यात एकच पलंग मावतो. संध्याकाळी मी फेस्टीला चुलीपाशी गाठलं आणि म्हटलं, मी तुला न्यायला आलेय, तुला ठाऊक आहे ना? तो विस्तवाकडं बघत म्हणाला, “उद्याचं पार पडू दे, एथ्ना. मग बोलू.” याहून स्पष्ट आणखी काय हवं? मला जरा वाईट वाटलं, मग फार आनंद झाला, मग परत वाईट वाटलं. शेवटी मी अंगणात जाऊन बॅबीनला मिठी मारली, ‘आमच्या घरात तू आलीस, आईला समाधान वाटेल’ असं काहीबाही म्हणाले, आणि माझ्या गळपट्टीचा आईचा ब्रूच काढून तिच्या छातीवर लावला. बॅबीननं मान खाली घालून ब्रूच बघितला. मग म्हणाली, “अगं, फक्त पडदेच तर लावले मी.” मी म्हटलं, किती विनयी!

सकाळी मी जांभळी टोपी घातली आणि फेस्टीच्या कोटाला पिवळ्या काटेरी झुडपाचं फूल टोचलं. त्यानं फुलाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. अख्खी आळी आली होती. म्हणजे आपल्या बाजूची जेवढी उरलीत तेवढी. फादरनी पेटी उघडून याच टेबलावर, जिथं मी आता लिहितेय, मेणबत्त्या लावल्या आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. एकेक जण आत जाऊन येत होता. मला वाटलं, लग्नाला कुणाची हरकत आहे का ते विचारत असतील. नवे फादर, नवी पद्धत. माझी पाळी आली. मी आत जाऊन म्हटलं, “फादर, माझी अजिबात हरकत नाही. उशीर झालाय, पण दोघं सुखी होवोत.”

फादर म्हणाले, “कोण दोघं?”

मी सांगितलं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, मी पापकबुली ऐकायला बसलोय. आज तुमच्या घरची पाळीची मिस्सा आहे.”

ताई, मी दगड झाले. पाळीची मिस्सा! वसंतात एकदा आणि शरदात एकदा फादर देवळातली प्रार्थना घरी येऊन करतात, आळीतलं एकेक घर पाळीनं. आपल्याकडं घर तीनच कारणांनी रंगवतात, आणि गॉलवेत राहून राहून मी त्यातलं तिसरंच विसरले! आई आदल्या आठवड्यात आपल्याला चुना कालवायला लावायची, आठवतं? तू चुन्यात वेणी बुडवली होतीस आणि मिस्साभर म्हातारीसारखी पांढरी दिसत होतीस. आणि शेजारणी भांडण बाजूला ठेवून मदतीला यायच्या, ते दुसऱ्या दिवशी परत उचलायला. मी बाहेर येऊन पिठाच्या पेटीजवळ गुडघे टेकले, आपण दोघी टेकायचो तिथं. पेटीला तुझ्या दातांच्या खुणा अजून आहेत. (कंटाळा आला की तू चावायचीस. हे मदर सुपिरिअरना सांगणार नाही.) उठताना मला बार्टलीनं आणि मेंढीच्या मालकानं दोन्हीकडून ओढलं.

मिस्सेनंतर फादरना बैठकीत बसवून उकडलेलं अंडं दिलं, आम्ही इकडं मांडी आणि केकवर तुटून पडलो, आणि माझ्या लग्नाच्या बातमीवर सगळे पोट धरून हसले. फेस्टी सर्वांत जास्त. बॅबीन म्हणाली, “या माणसाशी? त्यापेक्षा गाढव बरं, ते निदान कोबी तरी खातं!” मग फादर दारात आले आणि त्यांनी नेहमीचं विचारलं: वसंतातली पाळी कुणाची?

पुढचं घर कोनीलींचं, ते बंद. त्यापुढचं मुलानं सुट्टीवाल्यांना दिलेलं. बॅबीनकडं गेल्या खेपेला झाली, आणि तिच्या छपराचे हाल तू बघायला हवेस. सगळे आपापल्या कपात बघत राहिले. फादर म्हणाले, “काही हरकत नाही. मग यापुढं देवळातच करू.” ते चांगल्या मनानं म्हणाले गं. पण म्हाताऱ्या बार्टलीनं हातातली टोपी घातली, काढली, परत घातली. आणि मला कुणाचा तरी आवाज ऐकू आला, “आमच्याकडंच. पुन्हा.” सगळे माझ्याकडं वळले तेव्हा लक्षात आलं, की आवाज माझा होता आणि हातही मीच वर केला होता, शाळेत करायचे तसा, कोपर कानाला लावून.

तर अशी हकिगत आहे. वसंतात ज्या घरात मिस्सा आहे ते घर हिवाळ्यात बंद कसं ठेवणार? ओल चढेल. आणि फेस्टीला एकट्याला ठेवायचं नाही हे तर तूच ठरवलंस. तुझी आज्ञा मी मोडलेली नाही, ताई. फेस्टीला घेतल्याशिवाय परत येऊ नकोस, असं तू म्हणालीस. मी आलेली नाही.

रागावू नकोस. प्रार्थनेत आमची आठवण ठेव, विशेषतः वारा वायव्येचा असेल तेव्हा.

तुझी गोंधळलेली धाकटी,
एथ्ना

ता. क. आईचं विणलेल्या काठाचं पांढरं कापड तू कॉन्व्हेंटमध्ये जाताना नेलंस, ते तुमच्या प्रार्थनाघरातल्या बाजूच्या वेदीवर आहे. वसंतात टेबलावर घालायला ते हवंच. सिस्टरांना काय सांगायचं ते तू बघ.

दुसरा ता. क. तो ब्रूच माझ्यामागं तुला मिळायचा होता, हे मला रात्री आठवलं. बॅबीन आता तो कोंबड्यांना दाणे टाकतानाही लावते. मागायची हिंमत होत नाही, कारण ती आणि फेस्टी पुन्हा बोलेनासे झालेत आणि दोघांमधले निरोप मीच पोचवते.

तिसरा ता. क. हे लिहू की नको असं झालंय. काल केरसुणी फिरवताना फेस्टीच्या पलंगाखाली बाबांची चामडी बॅग सापडली, भरलेली. सदरे, वस्तरा, आईचा फोटो मोज्यात गुंडाळलेला. मिस्सा नीट पार पाडायची, दाराला कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर मुकाट्यानं बोटीत बसायचं, असं त्यानं ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, अरे मेल्या, मग मी हात वर केला तेव्हा बोलला का नाहीस? तर म्हणतो, “तू अगदी आईच्या आवाजात बोललीस. आईपुढं मी कधी बोललोय?” आणि शीळ घालत मेंढ्यांकडं गेला. शीळ, ताई! मी आल्यापासून पहिल्यांदा.

ती बॅग त्यानं रिकामी केली आहे. बार्टलीबरोबर तुझ्याकडं पाठवतेय. माझे लोकरीचे कपडे, जाड बूट आणि मॅलकीचा रेडिओ तिच्यात भरून पुढच्या बोटीनं पाठव. माझ्या गॉलवेच्या घराची किल्ली आतल्या खिशात आहे.