फोटोखाली माझं नाव

४ मार्च, बर्नाबी, कॅनडा
मी सांगते, सूनबाई लिहिते. तेव्हा तिच्याविषयी चांगलंच सांगावं लागतं.
नातीने, रेवाने, कॉलेजातून फोटोंचं जाडजूड पुस्तक आणलं. अमेरिकेतली कोणी बाई, खूप वर्षांपूर्वीची. पैसेवाल्यांचे फोटो काढून पोट भरायची. खिडकीतून भुकेल्यांची रांग दिसली, तशी कॅमेरा घेऊन खाली उतरली. मग मजुरांच्या पालांवर हिंडली. एका फोटोत पालातली आई, पोरं तिला चिकटलेली.
"हिची चूल आज पेटली नाही," मी म्हटलं.
"एक्झॅक्टली, आजी!"

६ मार्च
लायब्ररीतल्या प्रदर्शनासाठी रेवाला माझा फोटो हवा. पैठणी नेसले, कवळी बसवली, ताठ बसले. तर म्हणे, "नो नो, जशी असतेस तशी." पैठणीत मी काय शेजारीण असते?

९ मार्च
चोरून काढलाच. बेसमेंटमध्ये मेथी निवडतेय, स्वेटरचं कोपर फाटलेलं.
"अहो आई, लोक म्हणतील, सासूला स्वेटर घेत नाही." लिही गं, हेही लिही.
मलाही लाज वाटली. परक्या मुलखात भिंतीवर कोण, तर एक फाटकी म्हातारी. नाही लावायचा म्हटलं. रेवा रुसली. प्रदर्शन आठवड्यावर.

१० मार्च
विचारलं, पालातल्या त्या आईचं पुढं काय झालं? फोटो पेपरात आला, तिथं धान्य गेलं. पण फोटो काढणाऱ्या बाईने तिचं नावच विचारलं नव्हतं. म्हातारपणी ती आई चिडलेली होती म्हणे.
"मग चुकलंच की तुझ्या बाईचं."
रेवा हळूच म्हणाली, "शी डिड गुड टू, आजी."
तेही खरंच...

१२ मार्च
तोड काढली. लाव फोटो, कोपरासकट. खाली माझं पूर्ण नाव, इंग्रजीत नि मराठीत. नुसतं 'आजी' चालणार नाही. सूनबाई अजून धुसफुसतेय. म्हटलं, कपाटात नवे स्वेटर आहेत तेही खाली लिही हवं तर. हसली एकदाची.
मला वाचता येत नाही. म्हणून नाव सूनबाईकडून वाचून घेतलं, मग लेकाकडून वेगळं. जुळलं.

१६ मार्च
काल प्रदर्शन. एक चिनी बाई फोटोपुढं थांबली, नावावर बोट ठेवून कसं म्हणायचं विचारलं. "हिराबाई ज्ञानदेव शेळके." तिने म्हणून पाहिलं, पार चुकली, मी मान डोलावली. मग रेवाला म्हणाली, माझी सासू घरातच बसून असते, तिचाही काढशील?
रेवा लगेच कॅमेरा चाचपायला लागली. म्हटलं, तो राहू दे, आधी सासूचं नाव विचार.
रविवारी जातोय, मीही. सासू फोटोला नाही म्हणाली तर चहा पिऊन येऊ.