गुंड्या कुठंही जाणार न्हाई

आप्पा,

गुंड्याला पोत्यात घालून बाजारात सोडायला शोधू नका. मी त्याला घेऊन शेतावर चाललेय, आईबी सोबत हाय. दिवेलागणीला तिघंबी परत येतो.

काल तुम्ही आंघोळ करून लिंगपूजेला निघालात अन् तो तुमच्या पायावर मुतला. तुम्हाला दुसऱ्यांदा आंघोळ करावी लागली, हे कबूल. पण तुम्ही त्याचं तोंड त्या मुतात घासलं, ते मला कबूल न्हाई. तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू हाय ते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, लई खुशी झाली की त्याला आवरत न्हाई. मोठा झाला की थांबंल. मारलं तर उलट वाढंल.

तुम्हीच फाटकातून "गुंड्याऽ" म्हणून आरोळी ठोकता, वाकून डोक्यावरून हात फिरवता, अन् तो मुतला की चप्पल उचलता. आज रात्री घरी याल तवा आरोळी नको. त्याच्याकडं बघूबी नका. पाय धुवा, चहा प्या. तो निवांत झाला की अंगणातच खाली बसून हाताचा वास घेऊ द्या. फरशी मी पुसंन, आतापर्यंतबी मीच पुसत आलेय.

त्याला सोडलं तर मीबी ह्या घरात राहणार न्हाई.

अन् एक सांगते. मी आले, आई आली, पाव्हणे आले, तरी तो मुतत न्हाई. फक्त तुम्ही दिसलात की मुततो. तुम्ही घरी आल्याची एवढी खुशी ह्या घरात दुसऱ्या कुणाला होते, ते चहा पिताना आठवून बघा.

अंजू